नव्या संघाचे पहिले वर्ष



मालेगावात आमचा प्रौढांचा वर्ग रात्री भरतो. दिवसा कोणाला सवड असते? कोणी शेतावर, कोणी यंत्रमागावर. जेवणखाण उरकले की मंडळी पाटी-पुस्तक घेऊन येतात.

एके रात्री एक तरुण विणकर वर्तमानपत्राचा जुना कागद घेऊन आला. घरातली पत्र्याची पेटी साफ करताना तो तळाशी सापडला होता. कागद पिवळा पडला होता. तो 2011 सालच्या मे महिन्याचा होता. त्यात क्रिकेटचा एक तक्ता होता. तरुण एकेक अक्षर जुळवून वाचू लागला.

"पुणे वॉरियर्स. सामने 14. जिंकले 4. हरले 9. निकाल नाही 1. गुण 9."

तो थांबला. म्हणाला, "गुरुजी, चार सामने जिंकले आणि गुण नऊ? छापणाऱ्याची चूक झाली वाटतं."

मी म्हणालो, "छापणारा चुकलेला नाही. बस. आज हाच धडा घेऊ."

तोच धडा मी आता तुमच्यासाठी लिहीत आहे.

तक्ता कसा वाचावा

सामना जिंकला की 2 गुण मिळतात. हरला की काहीच नाही. पावसाने खेळच झाला नाही, तर दोन्ही संघांना एकेक गुण वाटून देतात.

आता हिशेब करा. 4 सामने जिंकले. 4 दुणे 8. एक सामना पावसात गेला. त्याचा 1 गुण. 8 आणि 1 मिळून 9. हिशेब बरोबर आहे.

त्या वर्षी स्पर्धेत 10 संघ होते. पुण्याचा नंबर लागला नववा. म्हणजे शेवटून दुसरा. आणि हे त्या संघाचे पहिलेच वर्ष होते.

विकत घेतलेला संघ

आपल्या गावात कबड्डीचा संघ कसा होतो? गल्लीतली पोरे जमतात. एखाद्या मंडळाचे नाव लावतात. जत्रेत खेळतात. जिंकले तर ढाल, हरले तर घरी.

हा संघ तसा नव्हता. 2008 साली भारताच्या क्रिकेट मंडळाने आयपीएल नावाची स्पर्धा सुरू केली. एका बाजूने 20 षटके खेळायची. तीन-साडेतीन तासांत निकाल. प्रत्येक संघाला एक मालक. खेळाडूंना पगार. खेळ हाच त्यांचा धंदा. सुरुवातीला असे 8 संघ होते.

पुढे मंडळाने ठरवले, आणखी 2 संघ घ्यावेत. 21 मार्च 2010 रोजी चेन्नईत बोली उघडल्या. पुण्याचा संघ सहारा या उद्योगसमूहाला मिळाला. दुसरा संघ केरळातील कोचीला गेला.

पुण्याच्या संघाची किंमत होती सुमारे 1702 कोटी रुपये. एक कोटी म्हणजे एकावर सात शून्ये. मग 1702 कोटी कसे लिहाल? पाटीवर लिहून पाहा: 17,02,00,00,000. ही रक्कम एकदम द्यायची नव्हती. 10 वर्षांत फेडायची होती. म्हणजे वर्षाला सुमारे 170 कोटी.

किंमत किती चढली होती, तेही पाहा. 2008 साली सगळे 8 संघ मिळून सुमारे 72 कोटी डॉलरना विकले गेले होते. 2010 साली पुणे आणि कोची या दोनच संघांना 70 कोटी डॉलर पडले. जणू आठ बैलजोड्यांच्या पैशांत दोनच जोड्या आल्या.

माणसांचा लिलाव?

संघ घेतला, पण खेळाडू कुठे आहेत? 8 आणि 9 जानेवारी 2011 रोजी बंगळुरूत खेळाडूंचा लिलाव झाला.

हे ऐकून वर्गातल्या एक मावशी चटकन म्हणाल्या, "अहो गुरुजी, कांद्याचा लिलाव होतो. माणसाचा कसा होईल?"

मावशींचे म्हणणे खरे आहे. माणूस विकला जात नाही. त्याच्या कामाचे मोल ठरते. हंगामात तो कोणाकडून खेळेल आणि त्याला किती पैसे मिळतील, एवढेच ठरते. बोलीची रक्कम खेळाडूच्या पगाराची असते. लिलावात नाव द्यायचे की नाही, हेही तोच ठरवतो. तरी मावशींना तो शब्द आवडला नाही. मलाही फारसा आवडत नाही. पण रूढ झाला आहे.

जुन्या संघांना आपले जास्तीत जास्त 4 खेळाडू राखून ठेवता येत होते. बाकीच्यांवर सगळ्यांनी बोली लावायची. पुण्याने रॉबिन उथप्पाला 21 लाख डॉलरना घेतले. युवराज सिंगला 18 लाख डॉलरना घेतले. श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज आणि आपला आशिष नेहरा हेही आले. युवराज कर्णधार झाला. ऑस्ट्रेलियाचे जेफ मार्श प्रशिक्षक झाले.

म्हणजे मालक आला, पैसा आला, खेळाडू आले. मग राहिले काय?

मैदान राहिले.

पुण्याजवळ गहुंजे येथे नवे मैदान बांधले जात होते. ते वेळेत तयार झाले नाही. त्याचे उद्घाटन 1 एप्रिल 2012 रोजी झाले. तोवर पहिला हंगाम संपूनही गेला होता. त्यामुळे 2011 साली पुण्याच्या संघाने आपले "घरचे" सामने नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळले. नाव पुण्याचे, पण घर पुण्यापासून शंभर किलोमीटरहून लांब. पुण्याच्या माणसाला आपला संघ आपल्या गावात बघायला मिळाला नाही. लग्न आपले आणि मांडव परगावी, असे झाले.

दोन विजय

2 एप्रिल 2011 रोजी भारताने मुंबईत वानखेडे मैदानावर विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू युवराजच ठरला होता. त्यानंतर आठच दिवसांनी, 10 एप्रिलला, तो पुण्याचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला.

समोर पंजाबचा संघ होता. पंजाबने 112 धावा केल्या. पुण्याने 3 गडी गमावून त्या पार केल्या. 7 गडी राखून विजय मिळाला. 13 एप्रिलला कोचीशी गाठ पडली. दोन्ही संघ नवे. पुण्याने तोही सामना 4 गडी राखून जिंकला.

दोन सामने आणि दोन विजय. कोणालाही वाटेल, आता काय, गाडी सुटली!

सात पराभव

17 एप्रिलला दिल्लीचा संघ आला. पुण्याने 187 धावा केल्या. 20 षटकांत ही धावसंख्या मोठी समजतात. युवराजने नाबाद 66 धावा काढल्या. मग गोलंदाजी करून 4 गडी बाद केले. एका माणसाने आणखी काय करावे? तरीही दिल्लीने 3 गडी राखून सामना जिंकला.

इथून उतरण लागली. मुंबईने वानखेडेवर 7 गडी राखून हरवले. चेन्नईने दोनदा हरवले. बंगळुरूने हरवले. राजस्थानने हरवले. 4 मे रोजी मुंबईने पुन्हा हरवले. 17 एप्रिल ते 4 मे या 18 दिवसांत ओळीने 7 पराभव.

हे असे का झाले? मी क्रिकेटचा जाणकार नाही. पण चाळीस वर्षे शाळेत काढली. मुलांचे संघ पुष्कळ पाहिले. एकदा आम्ही पाच गावांतून निवडून मुलांचा कबड्डीचा संघ केला. एकेक पोरगा वाघ होता. पण पहिलेच तीन सामने हरलो. पकड करताना एकाने पाय धरावा आणि दुसऱ्याने कंबर. आमच्याकडे दोघेही पायच धरीत. कोण कुठे धावेल, हे एकमेकांना ठाऊक नव्हते. ठाऊक व्हायला दिवस लागतात. सहा आठवड्यांत 14 सामने आणि मध्ये एका गावाहून दुसऱ्या गावी प्रवास. अशात नव्या संघाला ते दिवस कुठून मिळणार?

संघ उठला

पण सात वेळा पडलेला हा संघ पुन्हा उठला. 8 मे रोजी मोहालीत त्याने पंजाबला पुन्हा हरवले.

याच सुमारास आशिष नेहरा जखमी झाल्याने त्याच्या जागी सौरव गांगुलीला घेतले. हा भारताचा माजी कर्णधार. जानेवारीच्या लिलावात त्याच्यावर कोणीही बोली लावली नव्हती. 10 मे रोजी हैदराबादेत तो पुण्याकडून पहिल्यांदा खेळला. नाबाद 32 धावा काढल्या. पुणे जिंकले.

पुढचे दोन सामने मात्र हरले. शेवटचा सामना 21 मे रोजी दिल्लीत होता. तो पावसाने धुऊन नेला. हंगाम संपला. जिंकले 4, हरले 9, एक पावसाचा. गुण 9.

खरी हार कागदावर झाली

आता नीट लक्ष द्या. पहिल्या वर्षी नववा नंबर आला, म्हणून काही हा संघ बुडाला नाही. तो बुडाला एका आकड्याच्या भांडणात.

सहाराचे म्हणणे असे होते: आम्ही बोली लावली तेव्हा वर्षाला 94 सामने होतील असे धरले होते. प्रत्यक्षात 2011 साली 74 सामने झाले. सामने कमी झाले, तर किंमतही कमी करा.

हे दोन आकडे आले कुठून? पाटीवर मांडू.

संघ 10 आहेत. प्रत्येक संघ बाकीच्या 9 संघांशी दोनदा खेळला, तर त्याचे सामने 18 होतात. 10 गुणिले 18 म्हणजे 180. पण एका सामन्यात दोन संघ असतात. म्हणून 180 चे निम्मे करा. 90 झाले. शेवटच्या फेरीचे 4 सामने मिळवा. 94.

आता प्रत्येक संघाचे 18 ऐवजी 14 सामने धरा. 10 गुणिले 14 म्हणजे 140. निम्मे 70. त्यात 4 मिळवा. 74.

सगळे मिळून 20 सामने कमी झाले. प्रत्येक संघाचे घरचे सामने 9 वरून 7 वर आले. घरच्या सामन्याची तिकिटे संघाचा मालक विकतो. म्हणजे त्याच्या पदरचे उत्पन्न गेले.

किंमत कमी करा, असे सहारा म्हणत राहिले. मंडळाने त्यांच्या म्हणण्याप्रमाणे किंमत उतरवली नाही. वाद दोन वर्षे चालला. चूक कोणाची, हे मी सांगत बसणार नाही. दोन्ही बाजूंकडे मोठमोठे वकील होते. पण एक गोष्ट सरळ आहे. 1702 कोटींच्या व्यवहारात "सामने किती?" या साध्या प्रश्नावर दोघांचे मन एक नव्हते.

इकडे मैदानावरही दिवस बरे नव्हते. 2012 साली युवराजला कर्करोग असल्याचे कळले. उपचारांसाठी तो अमेरिकेत गेला. पुढे तो बरा होऊन पुन्हा खेळला, ही आनंदाची गोष्ट. पण त्या हंगामात तो नव्हता. गांगुली कर्णधार झाला. गहुंजेचे मैदानही तयार झाले. तरी 16 सामन्यांत 4 विजय आणि 12 पराभव. 2013 साली पुन्हा तेच, 4 विजय आणि 12 पराभव.

त्यातच 2013 ची फी पूर्ण भरली गेली नाही. मंडळाने बँक हमीतून पैसे वसूल केले. बँक हमी म्हणजे बँकेचे लेखी वचन. "याने पैसे दिले नाहीत तर आम्ही देऊ," असे बँक लिहून देते. सहाराने 21 मे 2013 रोजी संघ सोडत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 2013 मध्ये मंडळाने करार रद्द केला. 10 वर्षांचा संघ 3 वर्षांत संपला.

कोचीचे तर एकाच वर्षात आटोपले. मैदानावर तो संघ पुण्यापेक्षा बरा होता. 14 पैकी 6 सामने जिंकला आणि आठवा आला. पण मालकांनी बँक हमी दिली नाही, म्हणून सप्टेंबर 2011 मध्ये मंडळाने त्यांचा करार रद्द केला.

नवा संघ जिंकूही शकतो

वर्गातले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "मग गुरुजी, नव्याने कशात पडूच नये असं म्हणा ना."

नाही तात्या, तसे म्हणू नका. दुसरी गोष्ट ऐका.

2022 साली याच स्पर्धेत पुन्हा दोन नवे संघ आले, लखनौ आणि गुजरात. गुजरातच्या संघाची किंमत 5625 कोटी रुपये होती. त्याचे प्रशिक्षक होते आशिष नेहरा. होय, 2011 साली पुण्याच्या संघात होता तोच नेहरा.

त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे साखळीचे सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच झाले. म्हणजे गुजरातलाही घरचे मैदान मिळाले नाही. नेरूळचे ते मैदानही त्यात होते. तरी गुजरातने 14 पैकी 10 सामने जिंकले आणि पहिला नंबर पटकावला. 29 मे 2022 रोजी अहमदाबादेत अंतिम सामना झाला. गुजरातने राजस्थानला 7 गडी राखून हरवले. पहिल्याच वर्षी करंडक मिळाला!

फरक काय होता? एक फरक नियमाचा होता. 2022 साली नव्या संघांना लिलावाच्या आधीच 3 खेळाडू निवडता आले. गुजरातने हार्दिक पांड्या, रशीद खान आणि शुभमन गिल यांना घेतले. खांब आधी रोवले, मग भिंती बांधल्या. पुण्याला 2011 साली ही सोय नव्हती. दुसरा फरक असा, की परक्या मैदानावर त्या वर्षी जवळपास सगळेच संघ होते. एकट्या गुजरातची अडचण नव्हती.

म्हणून नुसते "मैदान नव्हते म्हणून हरलो" असे म्हणणे पुरे नाही. आणि नुसते "पैसा होता म्हणून जिंकलो" असेही नाही. पैसा पुण्याकडेही होता. पायाचे खेळाडू, त्यांच्यातला मेळ, स्वच्छ नियम आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेला कागद, हे सगळे लागते. यातले शेवटचे नसेल, तर बाकीचे टिकत नाही.

त्या रात्री काय झाले

धडा संपला. मंडळी उठू लागली. तो तरुण विणकर मात्र बसून राहिला. त्याने खिशातून दुसरा एक कागद काढला.

म्हणाला, "गुरुजी, आम्ही चौघे मित्र मिळून एक कारखाना भाड्याने घेतोय. आठ माग आहेत. दुसऱ्याच्या मागावर किती दिवस राबायचं? बायकोच्या पाटल्या मोडून पैसे जमवलेत. उद्या सही करायची आहे."

मी विचारले, "कागद वाचलास?"

"नाही. मालक म्हणाले, सगळं बोलल्याप्रमाणे लिहिलंय."

"मग आता वाच. मी वाचणार नाही. तूच वाच."

त्याला अर्धा तास लागला. बोट ठेवून तो एकेक ओळ वाचत गेला. भाड्याचा आकडा होता. मुदत होती. "यंत्रमागांसह" असा शब्द होता. पण माग किती? कुठेच लिहिले नव्हते. विजेच्या बिलाची मागची बाकी कोणी भरायची? तेही लिहिले नव्हते.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आकडाच नाही, गुरुजी."

मी म्हणालो, "मालक लबाड आहेत असे समजू नकोस. विसरलेही असतील. पण उद्या आधी विचार. 8 हा आकडा लिहून घे. बिलाचेही लिहून घे. मग खुशाल सही कर."

तो कागद घडी करून उठला. दाराशी थांबून हसला. म्हणाला, "चला, आमच्या संघाचा पहिला सामना उद्या."

दुसऱ्या रात्री तो वर्गात आला. सही झाली नव्हती. पण मालकाने नवा कागद करायचे कबूल केले होते. आठ दिवसांनी सही झाली. कागदावर 8 माग होते, आकड्यात आणि अक्षरातही. बिलाची मागची बाकी मालकाने भरायची असे ठरले होते.

त्यांचे पहिले वर्ष अजून चालू आहे. कधी सूत महागते, कधी वीज जाते. जिंकतील की हरतील, ते कष्टावर आणि बाजारावर आहे. पण कागदावर ते हरणार नाहीत.

आता तुम्ही सांगा

1. एका संघाने 14 सामन्यांपैकी 7 जिंकले, 6 हरले आणि 1 पावसात गेला. त्याचे गुण किती?

2. पुण्याचा संघ 3 वर्षांत 14, 16 आणि 16 सामने खेळला. एकूण किती झाले? दरवर्षी 4 जिंकले. एकूण विजय किती?

3. 8 संघ एकमेकांशी दोनदा खेळले, तर सामने किती होतील? पाटीवर मांडा.

4. पुणे आणि गुजरात या दोन्ही संघांना पहिल्या वर्षी साखळी सामन्यांत घरचे मैदान नव्हते. तरी निकाल वेगळा का लागला?

5. तुमच्या घरी एखादा करार, पावती किंवा कर्जाचा कागद आहे का? आज तो काढा. त्यातले आकडे मोठ्याने वाचा. जो आकडा असायला हवा आणि नाही, तो वहीत लिहून ठेवा आणि उद्या वर्गात विचारा.